अकरा महिन्यांची चोरी

१

२०१९ च्या मार्चमध्ये आमच्या काउंटीत एक चोरी उघडकीला आली. एरवी आमच्याकडे चोरी म्हणजे एखादं वासरू जातं, शेरीफ दोन दिवस हिंडतो आणि तिसऱ्या दिवशी वासरू आपणहून परत येतं. वासराला नाही, तर शेजाऱ्याला पश्चात्ताप होतो. या वेळी गेलेली वस्तू हाकत नेण्यासारखी नव्हती. डार्सी ओपडालचे अकरा महिने गेले होते. सलग अकरा, २०१३ च्या ऑक्टोबरपासून २०१४ च्या ऑगस्टपर्यंत.

डार्सी अँटलर क्रीकच्या शाळेत शिक्षिका होती. शाळेला खोली एक, इयत्ता आठ आणि मुलं नऊ. गावापासून बावीस मैल खडीचा रस्ता. पूर्व माँटानात याला जवळ म्हणतात. शाळेच्या मागे शिक्षिकेसाठी दोन खोल्या, एक पाण्याचा पंप आणि चहूकडे इतकं आकाश, की नव्या माणसाला आठवडाभर उगाचच अपराधी वाटत राहतं.

मी तेव्हा काउंटीचं साप्ताहिक काढत असे. आठ पानं. पहिल्यावर हवामान, शेवटच्यावर मृत्यू आणि मधल्या सहांवर या दोहोंच्या मध्ये जे काही घडेल ते. गावातलं एकमेव झेरॉक्स मशीन माझ्या कचेरीत होतं, त्यामुळे लोकांच्या अडचणी मला बातमीदारी न करताच कळत. त्या शनिवारी डार्सी आली, तिने एक कागद काचेवर ठेवला, झाकण लावलं आणि बटण न दाबता तशीच उभी राहिली.

मशीन अडकलंय का, असं मी विचारलं.

"मशीन नाही अडकलेलं," ती म्हणाली.

सरकारचा करार तसा सरळ होता. शिकायला कर्ज काढा. मग दहा वर्षं लोकांच्या कामाची नोकरी करा: शाळा म्हणा, सरकारी दवाखाना म्हणा, आगीचा बंब म्हणा. पूर्ण वेळ. दरमहा वेळेवर हप्ता, असे एकशेवीस हप्ते भरा, मग उरलेलं कर्ज माफ. वाचायला दोन मिनिटं लागत. त्या काळात शंभर अर्जांतला जेमतेम एक मंजूर होत असे, पण हे डार्सीला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी ती म्हणाली असती, की ते बाकीचे नव्याण्णव तारखा पाळत नसतील.

ती पाळत असे. दर महिन्याच्या एक तारखेला चेक लिहायचा, पाकिटात घालायचा आणि आठवीतल्या मुलाचं व्याकरण तपासल्यासारखा एकदा उजेडात धरून बघायचा. तिच्या हिशोबाने मेअखेर एकशेवीस भरणार होते. जूनमध्ये ती विस्कॉन्सिनला आईकडे जाणार होती. आईला विसर पडायला लागला होता. नाताळात तिने डार्सीला दोनदा मावशीच्या नावाने हाक मारली होती आणि दुसऱ्यांदा डार्सीने ती चूक सुधारली नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुढच्या वर्षी ओळख राहील असं धरून चालू नका. आईपाशी दिवसभर माणूस हवं होतं. तिथे जाऊन पुन्हा पूर्ण वेळची नोकरी धरायची, तर जाण्यात काही अर्थ नव्हता. आणि नोकरी सोडली, की हप्ते मोजणं थांबणार. सेहेचाळीस हजार डॉलरचं कर्ज गळ्यात, वर उत्पन्न शून्य.

काचेवरचा कागद सरकारच्या वतीने कर्जाचे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीचा होता. त्यात लिहिलं होतं, की तिचे एकशेसतरा नव्हे तर एकशेसहा हप्ते पात्र आहेत. ऑक्टोबर ते ऑगस्टचे अकरा धरलेले नाहीत. कारण दिलं नव्हतं. खाली "आपल्या सेवेबद्दल आभारी आहोत" असं मात्र होतं.

"म्हणजे जून नाही," डार्सी म्हणाली. "पुढच्या वर्षीचा एप्रिल."

मग तिने बटण दाबलं, दहा सेंट डब्यात टाकले आणि प्रत घडी घालून पर्समध्ये ठेवली. त्या वर्षांत माझ्या कचेरीत बरीच माणसं रडली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

२

असल्या वेळी आम्ही शेरीफकडे जात नसू. हल्डिस ब्रेकेकडे जात असू.

हल्डिसबाई एकेचाळीस वर्षं पोस्टमास्तर होत्या. काउंटीतलं प्रत्येक अक्षर त्यांना ओळखू येई. कोण कोणाला पत्र लिहीत नाही हेही त्यांना ठाऊक असे, आणि त्या म्हणत की खरी माहिती तीच. आयुष्यात त्यांनी दुसऱ्याचं एकही पाकीट उघडलं नाही. गरजच पडली नाही.

मी हकिगत सांगितली तेव्हा त्या लेफ्से लाटत होत्या. बटाट्याची ती पोळी कागदाइतकी पातळ होईपर्यंत त्यांनी लाटली. मग विचारलं, "ती गेली तर कोणाचं नुकसान?"

हे उत्तर सोपं होतं. डार्सीच्या जागेची जाहिरात मी सहा आठवडे छापत होतो. एक अर्ज आला होता. त्या माणसाला शाळा समुद्रापासून किती लांब आहे हे हवं होतं. शिक्षिका मिळाली नाही की शाळा बंद आणि नऊ मुलं रोज बसने गावात. तेव्हा डार्सी अडकून राहावी असं वाटणारी दोन माणसं डोळ्यांसमोर होती. शाळा समितीची कारकून ऑर्लीन व्हॉस, जी दरवर्षी तिच्या नोकरीचा दाखला भरायची. आणि समितीचा अध्यक्ष वेंडेल क्रोग, जो त्यावर सही करायचा. ऑर्लीनची मुलगी सहावीत होती. वेंडेलची दोन नातवंडं पहिलीत आणि तिसरीत.

"आणि वेंडेल परवा कॅफेत म्हणाला," मी सांगितलं, "की सरकारचा एखादा कागद अडकला तर कधीकधी बरं असतं."

"मोठ्याने म्हणाला?"

"सगळ्यांसमोर."

"मग तो नसेल. पण आधी ऑर्लीनकडे जाऊ. कागद तिच्याकडे असतात."

ऑर्लीनकडे शाळेचं सगळं दप्तर पावाच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात असे. आम्ही कशासाठी आलो ते कळल्यावर तिने आधी कॉफी ओतली आणि मग अपमान वाटून घेतला. दहा वर्षांत माझ्याकडून एकदा तरी पगार चुकला का, रजेचा दिवस चुकला का, असं तिने हल्डिसबाईंना विचारलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली की काही लोकांच्या साप्ताहिकात तिच्या सासऱ्यांच्या मृत्यूची तारीख मात्र चुकली होती. ते खरं होतं. मी कॉफी प्यायलो.

डब्यातून सगळे दाखले निघाले. एकाही वर्षात खंड नाही. २०१३ चाही होता, २०१४ चाही. पूर्ण वेळ नोकरी, तारखा बरोबर, वेंडेलची सही कुंपणाच्या खांबासारखी उभी. हल्डिसबाईंनी २०१३ ची प्रत खिडकीशी नेली. डार्सीच्या कर्जखात्याच्या नंबराभोवती कोणीतरी पेन्सिलीने गोल केला होता. बाकीच्या कुठल्याही प्रतीवर तसा गोल नव्हता.

"हा कोणी केला?"

ऑर्लीनने त्या गोलाकडे बघितलंसुद्धा नाही.

"मला काय माहीत," ती म्हणाली. "मुलांनी केला असेल." आणि अपमान झाला होता हे विसरून तिने आम्हाला चोकचेरी या रानफळाच्या जेलीची बाटली बांधून दिली.

३

वेंडेल क्रोग गोठ्यात होता. मार्चमध्ये गाई वितात, तेव्हा त्याला भेटायचं तर गाईच्या मागच्या बाजूने भेटावं लागतं. सहा फूट तीन इंच उंच, सत्तरीचा माणूस. बोलण्यात काटकसर. बायको गेली तेव्हा माझ्याकडे येऊन म्हणाला होता, "मॅडलीनचं छाप." बाकीचं मी लिहिलं.

हल्डिसबाईंनी आडवळण घेतलं नाही. डार्सीचे अकरा हप्ते बुडाले आहेत आणि ती वर्षभर अडकली आहे, एवढं सांगितलं.

वेंडेलने हात धुतले. खूप वेळ धुतले.

"ती जावी असं मला वाटत नाही," तो म्हणाला. "हे मी लपवलेलं नाही."

"माहीत आहे."

"तिच्या आईचंही मला माहीत आहे. माझ्या आईचं तेच झालं होतं." मग टॉवेलला हात पुसत, "पण सही मी दरवर्षी केली. वाचून केली."

ते आम्हीही बघितलं होतं. मी विषय बदलायचा म्हणून २०१३ च्या हिमवादळाची आठवण काढली. त्या मार्चमध्ये दुपारी बारा वाजता आकाश खाली आलं होतं आणि डार्सीने नऊ मुलांना दोन रात्री शाळेत जिवंत ठेवलं होतं. वीज गेल्यावर हीटर थांबला. तिने जुनी शेगडी उघडून आधी खुर्च्या जाळल्या, मग ज्ञानकोश. शेवटच्या खंडापासून सुरुवात केली, कारण शेवटच्या अक्षरांची मुलांना कमी गरज पडते असा तिचा अनुभव होता. रस्ता मोकळा झाला तेव्हा सातव्या खंडाची पाळी आली होती आणि मुलं पत्ते खेळत होती. वेंडेलचा मोठा नातू त्यांच्यात होता. तो आता गावातल्या हायस्कुलात आहे.

"अर्धी गाय पाठवली होती मी तिला," वेंडेल म्हणाला. "पॅक करून. तिने परत पाठवली. म्हणाली, मी माझं काम केलं."

आमच्याकडे पाठवलेलं मांस कोणी परत करत नाही. डार्सीला येऊन तेव्हा पाच वर्षंही झाली नव्हती, तिला हे माहीत नव्हतं. वेंडेलने ते कोणाला सांगितलंही नव्हतं. सहा वर्षांनी माझ्यासमोर बोलला तेव्हा मला ते पहिल्यांदा कळलं.

"मग काय केलंस?" हल्डिसबाईंनी विचारलं.

"कशाचं?"

"तिने परत पाठवल्यावर."

"खाल्ली," वेंडेल म्हणाला आणि गाईकडे वळला. विषय संपला होता. पण गाडीत बसल्यावर हल्डिसबाई म्हणाल्या, की वेंडेल क्रोगने आज पहिल्यांदा त्यांनी विचारलेल्या प्रश्नाऐवजी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं.

४

मंगळवारी शाळा सुटल्यावर हल्डिसबाईंच्या स्वयंपाकघरात डार्सीने तिची खोकी आणली. दहा वर्षांचे वटलेले चेक, रबरबँड लावून. कर्जाची मासिक बिलं, वेगळ्या रबरबँडमध्ये. त्या अकरा महिन्यांचे चेक सगळे होते, सगळे वटलेले. बिलं मात्र नव्हती.

डार्सीने सहज सांगितलं, की त्या वर्षी टपालात काहीतरी घोळ होता. बिलं हरवायची. मग तिने वाट बघणं सोडलं; रक्कम ठरलेली, तारीख ठरलेली, बिलाशिवायच चेक पाठवत राहिली.

हल्डिसबाई तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या, पण २०१३ मध्ये खिडकीमागे त्याच होत्या. त्यांनी चष्मा काढला.

"डार्सी, टपालात पत्र हरवतं. दोन हरवतात. एका पत्त्यावरून एका पेटीत येणारी अकरा पत्रं, दर महिन्याला एक, सलग, बाकीचं सगळं टपाल नीट येत असताना? असं माझ्या पोस्टात झालेलं नाही. ती हरवली नाहीत. ती पाठवलीच नाहीत."

"बिल का पाठवणार नाहीत?"

"देणं नसेल तर."

त्या बोलत होत्या आणि बोटाने टेबलावरच्या पिठात महिने मांडत होत्या. ऑर्लीनची चूक असती तर ती शिक्षिकेच्या नोकरीच्या करारासारखी असती, जुलैपासून जूनपर्यंत. नाहीतर दर उन्हाळ्यात थोडी थोडी. सही राहिली असती तर अख्खं वर्ष गेलं असतं. शाळेत ऑक्टोबरमध्ये काहीच सुरू होत नाही आणि ऑगस्टमध्ये काहीच संपत नाही. मग ऑक्टोबर ते ऑगस्ट हे कोणाचं वर्ष?

डार्सीलाच ते आठवलं. दर सप्टेंबरमध्ये ती उत्पन्नाचा दाखला पाठवत असे. त्यावरून कंपनी नवीन हप्ता ठरवी आणि खातं पुन्हा पहिल्यापासून मांडी.

"म्हणजे २०१४ च्या सप्टेंबरला जे पुसलं गेलं," हल्डिसबाई म्हणाल्या, "ते २०१३ च्या सप्टेंबरमध्ये कोणीतरी लिहिलं होतं. कंपनीला फोन लाव. त्या महिन्यात खात्यावर काय काय जमा झालं ते तारीखवार विचार."

फोनवर सत्तेचाळीस मिनिटं बासरी वाजली. मग एका मुलीने, बहुधा ती दुसऱ्या कुठल्यातरी राज्यात सँडविच खात होती, तारखा वाचून दाखवल्या. एक सप्टेंबर, डार्सीचा चेक. एकोणीस सप्टेंबर, दोन हजार तीनशे बारा डॉलर पन्नास सेंट, मनीऑर्डरने.

"हे मी नाही भरले," डार्सी म्हणाली.

मुलीने सांगितलं, की कोणी का भरेना, पैसे आगाऊ आले की पुढचे महिने भरल्यासारखे धरले जातात. मग त्या महिन्यांत देणं शून्य. आणि देणं शून्य असताना पाठवलेला हप्ता पात्र हप्ता नव्हे. नियम तसा आहे.

डार्सीने फोन ठेवला. कोणीतरी तिच्यावर उपकार केला होता आणि त्या उपकाराने तिचं एक वर्ष खाल्लं होतं. तिला रागवायचं होतं, पण कोणावर ते समजत नव्हतं. शिल्लक रकमेकडे कधी लक्ष गेलं नाही का, असं मी विचारलं. ती म्हणाली, तो आकडा मी बघतच नसे. व्याजाने वाढत जाणारी गोष्ट दर महिन्याला कशाला बघायची?

हल्डिसबाई माझ्याकडे बघत होत्या.

"पन्नास सेंट," त्या म्हणाल्या. "तुझ्या चेहऱ्याला काय झालं?"

मला तो आकडा ओळखीचा होता. मी तो छापला होता.

५

साप्ताहिकाचे जुने अंक माझ्या कचेरीच्या तळघरात असत. उंदरांनी १९८८ ते ९१ एवढंच वाचलं होतं. २०१३ चा सप्टेंबर शाबूत होता. पान तीन, खालच्या कोपऱ्यात: "सभागृहात शनिवारी झालेल्या केकच्या लिलावात शाळेसाठी २,३१२ डॉलर ५० सेंट जमले. समिती सर्वांची आभारी आहे."

तो लिलाव मला चांगला आठवत होता. त्या सभागृहाचं छप्पर नंतर बर्फाने बसलं, पण तेव्हा तिथे शंभर माणसं मावत. बायका केक आणत, पुरुष त्यावर बोली लावत. केक किती वाईट त्यावर बोली किती चढणार ते ठरे, कारण वाईट केक करणारीला घरी परत न्यायची वेळ आणणं हे आमच्याकडे पाप. मी रुबार्बच्या आंबट देठांच्या एका जळक्या केकला साठ डॉलर दिले होते. ऑर्लीनच्या केकवर तिच्याच नवऱ्याने पन्नास सेंटची बोली लावली आणि सगळे हसून गप्प बसले. कोणी वर गेलं नाही. ती दोन आठवडे त्याच्याशी बोलली नाही.

हल्डिसबाईंनी अंक हातात घेतला. "मी गाजराचा केला होता," त्या म्हणाल्या. "पंच्याऐंशीला गेला."

"कशासाठी होता लिलाव?"

"शाळेसाठी."

"शाळेत काय घेतलं त्या पैशांचं?"

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. मीही केला. झोपाळा आला नव्हता. शेगडी आली नव्हती. ज्ञानकोश नव्हता. सहा वर्षांत काउंटीतल्या एकाही माणसाने विचारलं नव्हतं. केकच्या पैशांचं पुढे काय झालं हे विचारणं आमच्याकडे असभ्य मानतात. विचारलं तर ज्याच्यासाठी जमवले त्याचं नाव घ्यावं लागतं, आणि नाव घेतलं की त्याला ते आयुष्यभर सोसावं लागतं.

म्हणजे चोर सापडला होता. तो शंभर माणसांचा होता. मी त्यात साठ डॉलरचा भागीदार होतो, तपास करणाऱ्या बाई पंच्याऐंशीच्या केकच्या. पण मनीऑर्डर शंभर माणसं मिळून लिहीत नाहीत, आणि खात्याच्या नंबराभोवती शंभर पेन्सिलींनी गोल करत नाहीत.

"मनीऑर्डर तुमच्याच पोस्टातून गेली असेल," मी म्हणालो. "तुम्हाला आठवत नाही?"

"त्या आठवड्यात मी मोतीबिंदूसाठी बिलिंग्जला होते. त्याला ते माहीत होतं." त्यांनी अंकाची घडी घातली. "मला फक्त एकच माणूस ठाऊक आहे जो माझं ऑपरेशन होईपर्यंत थांबेल."

६

शुक्रवारी दुपारी आम्ही पुन्हा गेलो; या वेळी वेंडेल स्वयंपाकघरात भेटला. हल्डिसबाईंनी अंक टेबलावर ठेवला. त्याने तो वाचला नाही.

"तिने मांस परत पाठवलं," तो म्हणाला. "मग मी ऑर्लीनकडून नंबर घेतला. नंबरावर पाठवलेलं परत येत नाही, असं वाटलं."

"कोणाला सांगायचं नाही, असं तिला बजावलं होतंस?"

"ऑर्लीनला बजावायला लागत नाही. तिला नवरा आहे, न बोलायची सवय आहे."

मग हल्डिसबाईंनी त्याला ते समजावलं. आगाऊ पैसे, शून्य देणं, न मोजलेले अकरा महिने. त्या एकेक वाक्य सावकाश बोलत होत्या, डॉक्टर बोलतात तसं. वेंडेलचे हात टेबलावर होते. त्याने ते मांडीवर घेतले.

"मी केलं हे?"

"आम्ही सगळ्यांनी. सही तुझी."

काही उपाय आहे का, असं त्याने विचारलं. होता. फोनवरच्या त्या मुलीला डार्सीने दुसऱ्यांदा गाठलं होतं. ज्याने पैसे पाठवले त्याने लेखी कळवायचं, की हे पुढचे हप्ते म्हणून पाठवले नव्हते, कर्ज उतरावं म्हणून पाठवले होते, आणि कर्जदाराला त्याची कल्पना नव्हती. त्याला डार्सीचा विनंतीअर्ज जोडायचा. मग खातं मागे नेऊन दुरुस्त होऊ शकतं. होईलच असं नाही. डार्सीला एवढंच कळलं होतं, की पाठवणारा सापडायला हवा. तो कोण हे आम्ही तिला सांगितलं नव्हतं.

"आणि मी नाही लिहिलं तर?"

"तर ती एप्रिलपर्यंत राहील," हल्डिसबाई म्हणाल्या. "शाळा आणखी एक वर्ष चालेल. तुझी नातवंडं बसमध्ये बसणार नाहीत. पाठवणारा सापडला नाही, असं मी तिला सांगेन. मी एकेचाळीस वर्षं गप्प बसले आहे, मला जड जाणार नाही. आणि हा," त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "याने छापलेलं असंही कोणी वाचत नाही."

वेंडेलने खिडकीबाहेर बघितलं. तिथून शाळा दिसत नाही, तीन मैलांवर आहे. पण दुपारी साडेतीनला मुलं सुटली की रस्त्यावर धूळ उडते ती दिसते. तो ती धूळ खाली बसेपर्यंत बघत राहिला. आम्ही निघालो तेव्हा त्याने निरोपही दिला नाही.

सोमवारी सकाळी आठला तो माझ्या कचेरीच्या दारात उभा होता. हातात वहीचं एक पान, पेन्सिलीने लिहिलेलं. चार ओळी. पैसे मी पाठवले. कर्ज उतरावं म्हणून पाठवले. तिला माहीत नव्हतं. पुढच्या महिन्यांचे म्हणून धरू नयेत.

मी ते टाइप केलं. कंपनीचा एक छापील कागद सोबत जोडायचा होता, त्यात पैसे पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि कर्जदाराशी नातं असे रकाने होते. नाव त्याने लिहिलं. पत्ता लिहिला. तिसऱ्या रकान्यापाशी पेन थांबलं. शाळा समितीचा अध्यक्ष म्हण, असं मी सुचवलं. तो म्हणाला, समितीने पाठवले नव्हते. मित्र म्हण. त्याने मान हलवली; मित्र असतो तर तिने मांस ठेवून घेतलं असतं.

शेवटी त्याने लिहिलं: शेजारी.

तो कागद त्याने टपालात टाकला नाही. डार्सीची सही घ्यायला स्वतः शाळेत गेला. तिथे काय बोलणं झालं ते ऑर्लीनने मुलीकडून काढून घेतलं. मधल्या सुट्टीत दोघं पायरीवर उभे होते, म्हणे. डार्सीबाईंनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि गुडघ्यावर धरून सही केली. मग त्यांनी विचारलं, की पंपाला अलीकडे गंजाचं पाणी येतंय, ते बघाल का? वेंडेल जॅकेट काढून पंपाखाली शिरला आणि शाळा सुटेपर्यंत बाहेर आला नाही.

७

एप्रिल गेला, मे गेला. कंपनीकडून काही आलं नाही. डार्सी एक तारखेला चेक पाठवत राहिली. मी जाहिरात छापत राहिलो. जूनच्या सातव्या दिवशी एका ओळीचं पत्र आलं: खातं दुरुस्त केलं आहे, पात्र हप्ते एकशेवीस. या वेळी आभार मानले नव्हते. हल्डिसबाई म्हणाल्या, यावरूनच कळतं की पत्र खरं आहे.

ती चौदा तारखेला गेली. गाडीत मागे पुस्तकं, पुढे तिच्याशेजारी जिरेनियमची एक कुंडी, बेल्ट लावून. तिच्या जागी कोणी आलं नाही. ऑगस्टमध्ये समितीने शाळा बंद करण्याचा ठराव केला. वेंडेलने तो मांडला, ऑर्लीनने लिहून घेतला, मी पान तीनवर छापला. फळ्यावरचं डार्सीचं अक्षर कोणी पुसलं नाही. सप्टेंबरपासून वेंडेलची धाकटी नातवंडं सकाळी सव्वासहाला बसमध्ये बसू लागली. मोठी रस्ताभर झोपे, धाकटी ड्रायव्हरला गोष्टी सांगे.

आता ते सगळं आठवलं की मला सभागृहातला कॉफीचा वास येतो, ओल्या लोकरीचा आणि करपलेल्या रुबार्बचा. ती शंभर माणसं एका छपराखाली पुन्हा जमली नाहीत. साप्ताहिकही पुढे दोन वर्षांनी मीच बंद केलं. शेवटच्या पानाला तोटा नव्हता, पण पहिल्या सातांना होता.

डार्सीचं पत्र नोव्हेंबरमध्ये आलं, हल्डिसबाईंच्या नावावर. त्यांनी मला आणि वेंडेलला कॉफीला बोलावलं आणि ते मोठ्याने वाचलं. सफरचंदांचं लिहिलं होतं, पावसाचं लिहिलं होतं. मग लिहिलं होतं: मी आले तेव्हा आईने दारातच माझं नाव घेतलं. उन्हाळाभर घेत होती. रोज संध्याकाळी तिला शाळेतल्या मुलांचं सगळं सांगावं लागे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून, पण ती मलाच ते विचारत होती, डार्सीला. सप्टेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी मी तिची बहीण झाले. आता बहीणच आहे. आमचं बरं चाललंय.

हल्डिसबाईंनी पत्र घडी घालून पाकिटात ठेवलं. वेंडेलने कप खाली ठेवला. मग त्याने मोठा हात टेबलावर पसरला आणि एकेक बोट दुमडलं. जून. जुलै. ऑगस्ट.

"तीन," तो म्हणाला.

तो हात तसाच टेबलावर राहिला.

"मिळाले हे बरं झालं," तो म्हणाला आणि टोपी घालून निघाला, कारण साडेचारला बस येते आणि फाटक उघडायला कोणीतरी लागतं.